एका तांब्यात साफ

रेवसच्या धक्क्यावर तिकिटे फाडणारे काका दिवाळीनंतरच्या पहिल्या सोमवारी बिनपगारी रजेवर गेले. रजा शिमग्यापर्यंत होती. अर्जात कारणाच्या जागी एकच शब्द होता : चपला.

माणूस चेहऱ्यावरून ओळखायचा असतो, हे काकांना मान्य नव्हते. लाँचला लावलेल्या फळीजवळ उभे राहून त्यांनी बावीस वर्षे उतारूंची तिकिटे फाडली आणि तेवढाच काळ खाली पाहिले. शेवाळ धरलेल्या पायऱ्यांवर कोण घसरणार, हे ते चार पावले आधी सांगत. मी दर आठवड्याला त्या लाँचने मुंबईला जात असे. ओळख झाली त्याच दिवशी ते म्हणाले, "पत्रकार, डावी टाच जास्त झिजतेय. बॅग दुसऱ्या खांद्यावर घ्या." बॅग बदलली. पुढची जोडी तीन महिने जास्त टिकली.

धंद्याची कल्पना तिथेच सुचली : ओल्या धक्क्यावर न घसरणारी चप्पल. घराच्या पडवीत रबर कापायचे यंत्र आले, अलिबागहून एक कारागीर आला. काकांनी तळाला खोल, अरुंद खाचा पाडून घेतल्या आणि दोन महिने रोज ओहोटीला स्वतः पायऱ्यांवर चढ-उतार केली. काकू म्हणाल्या, "एवढ्या प्रदक्षिणा देवळाला घातल्या असत्या तर देव तरी पावला असता."

पहिल्या पंचवीस जोड्या त्यांनी धक्क्यावर मासळी विकणाऱ्या बायकांना दिल्या. अट एकच : "घसरलात तर चप्पल परत." आठवडाभरात एकही बाई घसरली नाही. पंचवीसही जोड्या परत आल्या.

सगळ्यांच्या वतीने बोलल्या त्या मंगळाबाई. धक्क्यावर मासळीची पहिली पाटी त्यांची. "काका, तुजी चप्पल घसरत न्हाय. पन घरी जाताना माज्या मागनं तीन मांजरा आली. ही चप्पल हाय का म्हावऱ्याची पाटी?"

खाचांत खवले अडकून कुजले होते. काकांनी चाचणी घेतली होती ती समुद्राने धुतलेल्या पायऱ्यांवर. जिथे मासळी विकली जाते तिथे त्या चपला घालून ते एकदाही उभे राहिले नव्हते.

शिमगा पाच आठवड्यांवर आला होता. लाँचच्या ठेकेदाराचा निरोप आला : रजा वाढणार नाही, आला नाहीत तर दुसरा माणूस घेऊ. काका चपला घालून मंगळाबाईंच्या पाटीशेजारी जाऊन बसले.

"बसलास तर कोलंबी सोल," त्या म्हणाल्या.

काकांनी आठ दिवस कोळंबी सोलली. नवव्या दिवशी मला म्हणाले, "बावीस वर्षं पाय बघितले, पत्रकार. पाय धुताना कधी बघितले नाहीत." विक्री संपली की बायका पायांवर एक तांब्या पाणी ओतत आणि घरी निघत. चप्पल घासत बसायला कोणालाही वेळ नव्हता.

नव्या खाचा रुंद, उथळ आणि दोन्ही कडांना उघड्या. एका बाजूने शिरलेले पाणी खवल्यांसकट दुसऱ्या बाजूने बाहेर पडायला हवे. "एका तांब्यात साफ," काकांनी कारागिराला बजावले. "दुसरा तांब्या लागला तर जोडी बाद." सतरा जोड्या बाद झाल्या. कारागीर वैतागला, "काका, मी चपला करायला आलोय, पाणी भरायला नाही."

शिमग्याआधीच्या शनिवारी मंगळाबाईंनी अठरावी जोडी दिवसभर वापरली. संध्याकाळी पायांवर एक तांब्या ओतला, एक चप्पल काढून उलटी केली, नाकाशी नेली. काका त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होते.

"माज्या सुनेचा पाय रुंद हाय," त्या म्हणाल्या. "तिचा माप कवा घेतोस?"

शिमग्यानंतरच्या सोमवारी काका धक्क्यावर रांगेत होते. खांद्यावर चपलांची पिशवी, हातात भाऊच्या धक्क्याचे तिकीट. फळीजवळच्या नव्या माणसाने ते फाडले. ओहोटी होती, पायऱ्या ओल्या होत्या. काका खाली न बघता लाँचवर चढले.