लिंबायतचा मोकळा माईक

आमच्या मंडळाचा स्नेहमेळावा वर्षातून एकदाच होतो, पण त्याचे किस्से वर्षभर पुरून उरतात. मी भाजी घ्यायला निघाले तरी एखादा रिक्षावाला थांबतो आणि मागच्या प्रवाशाला सांगतो, "त्या घंटीवाल्या म्याडम याच!" घंटीचं पुढे येईलच.

मी सुरतेत, लिंबायतच्या मराठी शाळेत शिकवते. मेळाव्यात पूर्वी सत्कार, जेवण आणि हाऊजी एवढंच असायचं. मी सुचवलं की थोडा वेळ माईक मोकळा ठेवू. ज्याला वाटेल त्याने यावं, पाच मिनिटं हव्या त्या विषयावर बोलावं. आमचे अध्यक्ष नाना, तरुणपणी लूम म्हणजे यंत्रमाग चालवायचे, आता त्यांचं साड्यांचं दुकान आहे. ते म्हणाले, "म्याडम, आपली माणसं ऐकायला नाही, जेवायला येतात." तरी त्यांनी परवानगी दिली, पण अट घातली. ज्या वर्षी रंगणार नाही त्या वर्षापासून भाषणं बंद, तो वेळ हाऊजीला. तेव्हापासून दर मेळाव्याला नाना तिकिटांची पिशवी मांडीवर घेऊन पहिल्या रांगेत बसतात आणि माझ्याकडे बघत राहतात.

माझा मात्र या कार्यक्रमावर जीव आहे. शाळेतली पोरं गुजराती-हिंदीत भांडतात, मोठी माणसं कारखान्यातली पाळी संपवून येतात आणि आडवी होतात. आपल्या भाषेत सलग पाच मिनिटं बोलायला मिळणार कुठे?

*

पहिल्या वर्षी पहिले वक्ते कडोदऱ्याचे बापू. आमच्याकडे लग्नात माईक हातात घ्यायचा तो मानपानासाठी. कोण कोण आलं, टॉवेल-टोपी कुणाला, नारळ कुणाला. बापूंनी आयुष्यभर तेच केलेलं. त्यांनी माईक धरला आणि "आजच्या कार्यक्रमाचे अध्यक्ष" पासून सुरुवात केली. पहिली रांग झाली, दुसरी झाली. तिसऱ्या रांगेतून कुणीतरी ओरडलं की आमच्या दाजींचं नाव राहिलं. बापूंनी क्षमा मागितली आणि दाजींच्या व्याह्यांचंही घेतलं. पाच मिनिटं संपली. "एवढं बोलून मी माझे दोन शब्द संपवतो," म्हणाले आणि खाली उतरले.

टाळ्या थांबेनात. पुढचा वक्ता आला आणि म्हणाला, बापूंकडून जी नावं राहिली तेवढीच घेतो.

नाना खूश होते. त्यांचं नाव तीनदा आलं होतं.

*

दुसऱ्या वर्षी नावं घ्यायला बंदी केली आणि वेळ संपल्याचं कळावं म्हणून घरून देवघरातली घंटी नेली. रिक्षा चालवणारा एक तरुण फार छान बोलत होता. त्याच्या रिक्षात कुणीतरी एक पिशवी विसरलं होतं. तो म्हणाला, "मी पिशवी उघडली, तर आत..." आणि पाच मिनिटं झाली. मी घंटी वाजवली.

सगळा हॉल उभा राहिला. खुर्च्यांखाली चपला निघाल्या, हात जोडले गेले, मागून कुणीतरी आरती सुरू केली. वक्तासुद्धा डोळे मिटून टाळ्या वाजवू लागला. आरती मध्येच थांबवायची कुणाची छाती होणार? ती पूर्ण झाली. मग आरतीनंतर प्रसाद असणारच, म्हणून लोक स्वयंपाकाच्या मांडवाकडे वळले आणि जेवणाच्या पंगती बसल्या. मंडळाचा कार्यक्रम इतिहासात पहिल्यांदाच वेळेवर आटोपला, असं नानांनी मला वाढता वाढता सांगितलं.

पिशवीत काय होतं ते आजवर कळलेलं नाही. तो आता वापीला असतो.

*

घंटी घरी परत गेली आणि लाल रुमाल आला. त्या वर्षी शोभाकाकूंचा विषय होता "माझा प्रवास". प्रवास अमळनेरहून निघाला, एसटीने नंदुरबारला आला आणि तिथून थेट मुलाच्या पगारावर पोचला. मुलगा कापड मार्केटमध्ये अकाउंट्स बघतो, उंची चांगली, सुपारीचंसुद्धा व्यसन नाही, दोन खोल्यांचं घर स्वतःचं. हॉलमध्ये भराभर मोबाईल निघाले. मी रुमाल हलवला, तर मधल्या रांगेतली एक बाई उठून म्हणाली, "थांबा ना म्याडम, कूळ विचारायचं राहिलं."

मुलगा खुर्च्या लावत होता. तो जो पळाला तो जेवायलाही आला नाही.

वैशाखात लग्न झालं. त्या मधल्या रांगेतल्या बाईच्याच मुलीशी. मला साडी मिळाली. नाना म्हणाले, हाऊजीत फार तर कुकर लागतो, इथे सून लागली. तेवढ्यावर मला पुढचं वर्ष मिळालं.

*

मोकळ्या माईकचा मोठा धोका म्हणजे वक्त्याची बायको हॉलमध्येच असते. चलथाणचे आप्पा "मी साखर कशी सोडली" यावर बोलत होते. निर्धार, मनोबल, सकाळचं चालणं. लोक माना डोलवत होते. तेवढ्यात काकू जागेवरूनच शांतपणे म्हणाल्या, "मग डब्यातला गूळ मुंग्या नेतात का रोज?"

आप्पांनी माईक नीट तोंडासमोर धरला. मग म्हणाले, "गुळाचा विषय वेगळा आहे." आणि उरलेला वेळ गुळावर बोलले. भाषण उत्तम झालं.

*

यंदा मात्र माझं धाबं दणाणलं होतं. पहिल्याने मोबाईलवर बघून "वेळेचं महत्त्व" वाचलं आणि ते संपेचना. दुसरी घाबरून रडायला लागली. तिसरा आलाच नाही. नाना उठले, पिशवी उघडली आणि पहिल्या रांगेत तिकिटं वाटायला लागले. मी माईकवरून विचारलं, अजून कुणी आहे का? मी जवळजवळ विनवणीच करत होते.

शेवटच्या रांगेतल्या लूमवाल्यांनी पोपटमामांना ढकलत पुढे आणलं. मामांची हयात लूमवर गेली. नाना आणि ते तरुणपणी एकाच खात्यात म्हणजे लूमच्या कारखान्यात, शेजारशेजारच्या मशीनवर होते. लूम चालू असले की कानात ओरडलेलंही ऐकू येत नाही, म्हणून तिथली माणसं नुसते ओठ हलवून आणि हातवारे करून बोलतात. सुखदुःख, भांडणं, थट्टामस्करी, सगळं तसंच.

मामा माईकसमोर उभे राहिले. त्यांचे ओठ हलू लागले, हात चालू लागले. आवाज नाही. साऊंडवाल्याने माईक ठोकून पाहिला. मी जवळ जाऊन सांगितलं, "मामा, ऐकू येत नाही."

तोवर मागच्या चार रांगा हसत होत्या. पुढे बसलेले आम्ही मास्तर, दुकानदार, बायाबापड्या एकमेकांची तोंडं बघत होतो. मामांनी हवेत काहीतरी गुंडाळलं, कुणाची तरी चाल करून दाखवली आणि बोट नानांकडे केलं. मागे एकजण खुर्चीवरून घसरला.

नानांचा तिकिटं वाटणारा हात थांबला. कान लाल झाले. त्यांनी पिशवी माझ्या हातात कोंबली, स्टेजच्या पायरीशी गेले आणि दोन्ही हातांनी मामांना उत्तर द्यायला लागले. मामांनी प्रत्युत्तर दिलं. नानांनी टोपी काढून आणखी काहीतरी सांगितलं. पाच मिनिटं कधीच उलटून गेली होती. लाल रुमाल माझ्या हातात होता, पण बघायला कुणाला फुरसत होती?

जवळच्या एका लूमवाल्याला मी विचारलं, काय चाललंय? तो डोळे पुसत म्हणाला, "ते तुम्हाला सांगण्यासारखं नाही, म्याडम."

माझ्या शेजारी नानांची बायको तोंडाला पदर लावून नवऱ्याकडे एकटक बघत होती. ती माझ्याकडे वाकून म्हणाली,

"चाळीस वरीस व्हई ग्यात म्याडम, घरमा इतलं कधी बोलनात नहीत."