व्हिडिओ मी काढला

‘हात जोड.’

हे मी म्हणालो. माझ्या पोरीला. आजवर कुणाला सांगितलेलं नाही, तिच्या आईलासुद्धा नाही. सगळ्यांना वाटतं, ते आप्पांच्या माणसांनी करायला लावलं. बाकीचं सगळं त्यांनीच करायला लावलं. एवढं एक माझं.

आप्पांच्या बंगल्यापुढची शेड. गावचा कारभार चालवणारे आप्पा खुर्चीवर, भोवती दहा-बारा माणसं, त्यांचा पुतण्या मोटरसायकलवर बसलेला. मी उभा. शेजारी अकरावीतली माझी पोरगी, कॉलेजच्या ड्रेसवर. मी दौंडला रेल्वेत ट्रॅकमन आहे, पन्नाशीला आलोय. आप्पा मला अरेतुरे करतात. त्यांचा विशीतला पुतण्याही करतो. मी नेहमीसारखं ऐकून घेतलं.

झालं होतं इतकंच. यात्रेत पुतण्यानं ट्रॅक्टरच्या बॉनेटवर उभं राहून रील टाकली, ‘गाव आमच्या बापाचं.’ पोरीनं आमच्या विहारापुढं उभं राहून उत्तर टाकलं, ‘गाव कुणाच्या बापाचं नसतं. मतदारयादीत आमचीबी नावं हायेत.’ शिवी नाही, कुणाचं नाव नाही. ती व्ह्यूज मोजायची, खोटं कशाला सांगू. जेवताना ताटाशेजारी फोन. मीही तसाच. दौंडला रुळांवर काम करणाऱ्या आमच्या गँगमधल्या पोरांनी रील बघून पाठीवर थाप मारली, ‘मामा, लेक डेरिंगबाज निघाली की!’ मी त्या रीलला लाल बदाम दिला. गावातून आप्पांच्या माणसाचा फोन आला तसा तोच बदाम काढून घेतला. लाइनवर उभा राहून, एका बोटानं.

‘आप्पा, रील काढून टाकलीय तिनं. मिटलं ना आता?’ मी विचारलं.

‘मिटतंय कसं? जिथं बोलली तिथंच माघारी घ्यायचं. तिच्याच फोनवर, तिच्याच अकाउंटवर माफी टाकायची. आन् काढायचा तू. बाप हायेस न्हवं? लोकांना दिसू दे, पोरीवर बापाचा वचक हाय.’

पुतण्या हसला. ‘फोन उभा धर रं. आडवा न्हाई चालत.’

मी फोन उभा धरला.

पोरगी बोलली. नुसतं पुटपुटल्यासारखं. ‘परत,’ आप्पा म्हणाले. दुसऱ्यांदा मान खाली गेली. ‘परत. तोंड दिसू दे तिचं.’ तिसऱ्यांदा बटण दाबायच्या आधी तिनं वर बघितलं. फोनमागच्या माझ्याकडं. ते बघणं मला सोसेना. लवकर संपावं, घरी जावं, एवढंच डोक्यात. म्हणून म्हणालो. हळूच, तिला एकटीला ऐकू जाईल असं. कुणी सांगितलं नव्हतं. कुणाच्या मनातही आलं नसतं. माझ्या बापानं याच दारात मला तेच शिकवलं होतं. तिला ते शिकवायचं नाही, म्हणून मी तिला कॉलेजला घातलं होतं.

तिनं हात जोडले.

माफीचा व्हिडिओ तिच्या रीलपेक्षा जास्त चालला. शिरूरच्या एसटीत पोरं तिच्यापुढं हात जोडायची. ‘सॉरी म्हण की!’ आठवड्यात तिनं कॉलेज सोडलं. मग बोलणं सोडलं. भाकरी कुस्करून तशीच ठेवायची. तिच्या आईनं विचारलं, ‘हात कुणी जोडायला लावलं गं तुला?’ मी तिथंच जेवत होतो.

‘त्यांनी,’ पोरगी म्हणाली. माझ्याकडं बघितलं नाही.

मी जेवत राहिलो.

तिचं नाव पटावरून काढू नये, एवढं सांगायला मी कॉलेजच्या पालकसभेला गेलो. ‘मोबाईल, मुलं आणि पालकांची भूमिका’ असं व्याख्यान होतं. पाहुणे बाहेरून आलेले. पडद्यावर उदाहरणं दाखवत होते. तलवारीनं केक कापणारी पोरं. रुळावर झोपून रील काढणारा एक जण. मग माझी पोरगी, हात जोडलेली. चेहरा झाकलेला नव्हता.

‘प्रसिद्धीच्या नादात वाहवत गेलेली ही मुलगी. पण पालक बघा किती सजग! माफीचा व्हिडिओ वडिलांनीच काढला, वेळीच आवरलं. अशा पालकांचं कौतुक व्हायला हवं.’

टाळ्या वाजल्या. माझ्यासाठी.

पुतण्याची रील पडद्यावर आलीच नाही. त्याच्या घरच्यांना त्यांची भूमिका कुणी विचारली नाही. मी उठलो.

‘बंद करा ते. ती पोरगी माझी हाय. ती वाहवली न्हाई, खरं बोलली. आन् मी काय सजग न्हवतो. मी भ्यालो. भ्यालेल्या माणसाला टाळ्या कशाच्या देताय?’

‘भावनिक होऊ नका. बसून घ्या तुम्ही.’

‘न्हाई बसत.’

जन्मात पहिल्यांदा मी कुणाला असं म्हणालो. पडदा बंद होईपर्यंत उभा राहिलो.

दुसऱ्या दिवशी पोरीला आणि तिच्या आईला घेऊन पोलिसांत गेलो. आप्पांविरुद्ध तक्रारीचा अर्ज दिला. साहेबांनी व्हिडिओ दोनदा बघितला. ‘काढलाय तर तुम्हीच. यात जबरदस्ती कुठंय? पोरगी आपणहून हात जोडतीय.’

पोरगी ताडकन म्हणाली, ‘आपणहून न्हाई, साहेब. त्यांनी जोडायला लावले.’

किती दिवसांनी तिचा आवाज ऐकला. तो खोटं बोलायला निघाला होता. माझ्यासाठी. पोलिसांपुढं. आणि मी परत गप्प.

सोमवारी जबाब लिहून घेणार आहेत. वकील म्हणतात, ‘बापानंच सांगितलं असं आलं, तर केस कच्ची पडंल. मुलगी बोललीय तेच राहू द्या.’ रात्रंदिवस हेच डोक्यात. खरं बोललो तर आप्पा सुटतील. गप्प राहिलो तर सोळा वर्षांची पोर बापाचा भित्रेपणा जन्मभर वाहील, आणि उद्या कोर्टात कुणी ते खोटं उघडं पाडलं तर चिखल तिच्या अंगावर.

मी लिहून देणार आहे. ते दोन शब्द माझे. ज्या भीतीनं मी ते बोललो ती त्या शेडमधली, हेही लिहून घ्या म्हणणार. ते लिहून घेतल्याशिवाय सही करणार नाही. केस हरली तर हरू दे, असं म्हणायची ताकद माझ्यात नाही. मला जिंकायचीच आहे. तिच्या खोट्यावर जिंकायची नाही.

त्याआधी, रविवारी, घरी तिच्या आईसमोर मला पोरीची माफी मागायची आहे. ती अजून मागितलेली नाही.