बाबांच्या आवाजातला पाळणा

जुन्या कॉम्प्युटरच्या तापलेल्या धुळीचा वास आला, की मला रोह्याच्या घरातली ती सकाळ आठवते. तिकडे परदेशात भावाच्या मुलीचं बारसं होतं आणि पाळणा बाबांच्याच आवाजात वाजला पाहिजे, असा आईचा हट्ट होता. बाबांना जाऊन वर्ष झालं होतं. माझ्या मुलीच्या बारशाला त्यांनी हौसेने म्हटलेला पाळणा तेवढा माझ्या कॉम्प्युटरवर होता. मी व्हिडिओ कॉल लावून तो सुरू केला. आम्हाला स्वच्छ ऐकू येत होता, पण भाऊ म्हणाला, "ताई, इकडे कायच येत नाय गो." माइकमधून जाणारं गाणं तो कॉल गोंगाट समजून गाळून टाकत होता. "ऱ्हाऊ दे, मीच म्हणते," आई म्हणाली, पण सुरुवात न करता पुन्हा स्क्रीनकडेच बघू लागली. मी घाईघाईने सगळी सेटिंग्ज उलटीपालटी केली आणि शेवटी माइकला वगळून गाणं थेट कॉलमध्ये सोडायची सोय सापडली. पुन्हा सुरू केलं. गाण्याआधी बाबा खाकरले, तसा पलीकडून भाऊ सगळ्यांना म्हणाला, "गप्प बसा, बाबा म्हणतायत." आईने पदर डोळ्यांना लावला. ती भाची आता शाळेत जाते. तू आजोबांना पाहिलं नाहीस, असं कुणी म्हटलं, की ठसक्यात सांगते, "पाहिलं नाय, पण माझ्या बारशाला ते होते."