काळ्या पाटीचा तपास

त्या काळ्या पाटीची केस अजून डोक्यातून जात न्हाई. खून, दरोडे समदे इसरलो. तसे माझ्या वाट्याला आलेच किती म्हणा. अख्ख्या नोकरीत मी स्वतःहून पकडलेला आरोपी एकच, तो बी माझ्याच मोटरसायकलीला येऊन धडकला म्हणून.

मी सातवी पास, ती बी मास्तरच्या दयेनं. भरती झालो छाती फुगवून अन् रिटायर झालो पोट फुगवून. सहायक फौजदार झालो ते हुशारीनं न्हाई, नुसतं जागेवर टिकून ऱ्हायल्यानं. लोक मला जमादारच म्हणायचे. नाव मी कोणाचंच सांगत न्हाई. माझं बी सांगितलं नसतं, पण छापणारे ऐकत न्हाईत.

देवगाव फाट्यापासून आत एक गाव हाय. तिथल्या एका गल्लीत बायांनी एक मंडळ काढलेलं. सरकारी न्हाई, कोण्या पुढाऱ्याचं न्हाई, गल्लीतल्या गल्लीत. अंगणवाडीतून रिटायर झालेली एक ताई त्याची मुख्य. गल्लीतली निम्मी घरं दिवाळी झाली की ऊसतोडीला जायची. नवरा-बायको मिळून एक कोयता, म्हणजे मजुरांची एक जोडी, अन् लेकरं त्येंच्यासंगं उसाच्या फडात. ताईनं काय केलं, दर घराला एकेक शेळी द्यायचं ठरवलं. आधी मोजक्या घरांना दिली. ती शेळी व्याली की पहिली पाट, म्हणजे मादी पिल्लू, ज्याच्या चिठ्ठीचा नंबर असंल त्या शेजारच्या घराला द्यायची. मग त्यानं पुढच्याला. मी ताईला इचारलं, "एका शेळीनं गरिबी जाती का हो?" ताई म्हणली, "जमादार, दुधासाठी न्हाई ती. दारात जनावर असलं की बाई नवऱ्याला म्हणू शकती, ह्याला टाकून मी कशी येऊ? बाई ऱ्हायली की लेकरू शाळेत ऱ्हातं. मग हळूहळू बाकीचं." मला पटलं. माझ्या घरात मी असून बी कोणी थांबत न्हाई, तिथं शेळीसाठी थांबतेत म्हणल्यावर शेळी मोठीच.

पाट द्यायची बी त्येंची रीत व्हती. लेक दिल्यासारखी. हळद-कुंकू लावायचं, गळ्यात नवी दोरी, पाठीवर ब्लाऊज पीस. देणारी बाई डोळे पुसायची अन् घेणारी म्हणायची, "सुखात ठेवीन." बाया हासत बी असायच्या, रडत बी असायच्या.

तर एक दिवस ठाण्यात एक गडी अर्ज घेऊन आला. म्हणला, "आमच्या बायकोचा नंबर लागला व्हता. आक्काच्या शेळीची पाट आमच्या घरी यायची व्हती. आता आक्का म्हणती चरायला गेली ती आलीच न्हाई. राखोळ्यानं विकली असंल."

राखोळ्या म्हणजे गल्लीच्या शेळ्या चारायला नेणारा म्हातारा. अन् आक्का म्हणजे एक विधवा बाई, साऱ्या गल्लीची आक्का. तिची सारी उमर कोयत्यावर गेलेली, हाताला घट्टे.

साहेबांनी अर्ज चौकशीवर घेतला अन् माझ्याकडं बघितलं. ठाण्यात बिनकामाचं काम आलं की साहेब माझ्याकडंच बघायचे. मी वर्णन लिहून घेतलं: रंग काळा, कान लांब, चार पाय. साहेबांनी वाचलं अन् म्हणले, "जमादार, जिल्ह्यातल्या सगळ्याच शेळ्यांना अटक करायची का?" आमच्याकडं शेळी काळीच असती. मोबाईलवर ठाण्याच्या ग्रुपात तेच वर्णन टाकलं, तर दुसऱ्या बीटच्या हवालदारानं त्येच्या सासऱ्याच्या गोठ्याचा फोटो पाठवला अन् खाली लिहिलं, ओळख परेड घ्या.

खबर मिळाली ती फाट्यावरच्या हॉटेलवाल्याकडून. म्हणला, "म्हातारा एक काळं पिल्लू खांद्यावर घेऊन गल्लीच्या मागच्या अंगानं चालला व्हता. मी सोता बघितलं."

आणलं मग म्हाताऱ्याला ठाण्यात. धोतर झटकून बाकड्यावर बसला, जसा काय पाव्हणा. मी आवाज चढवला, "त्या दिवशी शेळ्या किती नेल्या, किती आणल्या?"

"जमादार, तुमी ठेशनात रोज किती माणसं आणता अन् किती सोडता, ध्यानात ऱ्हातं का?"

मागं ठाणे अंमलदार तोंडावर रुमाल धरून खोकायला लागला. मी म्हणलो, "खांद्यावर पिल्लू कोणाचं व्हतं?"

"लंगडत व्हतं. उचललं."

"कोणाचं लंगडत व्हतं?"

"पायाचं."

"आरं, मालक कोण त्येचा?"

"देव."

असा जबाब मी कागदावर कसा लिहावा? दुपारपर्यंत मी त्येला प्रश्न इचारले, नंतर त्यानंच मला इचारायला सुरुवात केली. लेकरं किती, पोटाचं काय औषध घेता, रिटायर कवा. शेवटी मी त्येला चहा पाजून सोडला अन् साहेबांना सांगितलं, आरोपी लय पक्का हाय. साहेब म्हणले, "आरोपी पक्का न्हाई, तुमी कच्चे आहात."

पण ह्या हासण्याच्या पाठीमागं म्हाताऱ्याचं नुसकान व्हायलं व्हतं. ठाण्यात नेला म्हणल्यावर दुसऱ्याच दिवशी काही घरांनी त्येच्याकडं शेळ्या सोडायचं बंद केलं. त्येला दुसरं काम न्हाई, जमीन न्हाई. तरी तो बोलंना.

मग मी ठरवलं, घरोघर जाऊन जनावरं बघायची. ओळख पटवायला आक्काला संगं घेतलं. ऊन लय व्हतं. मराठवाड्यात पोलीस घरात गेला की चहा येतोच, खुशीनं असो का भीतीनं. दर घरी चहा. आक्का बी दर घरी प्यायची, बशीत ओतून, फुर्र करून. तिसऱ्या-चौथ्या घरापर्यंत माझ्या पोटात नुसता चहा डचमळायलाय अन् मी मोठ्या रुबाबात शेळ्यांचे कान बघायलोय. कानात काय बघायचं ते मला बी ठाऊक न्हवतं. शेळ्यांना वाटलं असंल डाक्टर आलाय.

शेवटी कोपऱ्यावरचं घर आलं. तिथली बाई वयानं लहान, नवऱ्यासंगं दरसाल ऊसतोडीला जाणारी. एक लेक, सातवीत. दारात एक काळी पाट बांधलेली. बाई म्हणली, "माझ्या भावानं सोनपेठच्या बाजारातनं आणली." आक्कानं पाटीकडं बघितलं अन् म्हणली, "ही माझी न्हवं."

बाईनं चहा आणला. आक्का म्हणली, "मला नको."

"पाणी तरी घ्या, आक्का."

"पाणी बी नको."

घामानं तिचं लुगडं भिजलेलं, ओठ सुकलेले. अन् ती उंबऱ्याच्या भायेर उभी, आत पाय ठेवंना. मला वाटलं, जुनं भांडण असंल, न्हाईतर जातीचं काही. म्हणलो, "आक्का, ह्या जमान्यात बी असं धरता व्हय?" कोपऱ्यावरच्या बाईनं पदर तोंडाला लावला. मला वाटलं रडायलीय. ती हासू दाबायली व्हती.

संध्याकाळी घरी जाताना मोटरसायकलीवर एकदम आठवलं. माझं लग्न झालं तवा सासूबाई आमच्या घरी आल्या की पाणी बी प्यायच्या न्हाईत. मला वाटायचं, माझं तोंड बघून तहान मरती त्येंची. पुढं थोरलं लेकरू झालं तवा कळलं, की लेकीला मूल व्हईस्तोवर तिच्या घरचं अन्नपाणी घ्यायचं नसतं. लेक दिलेलं घर ते!

आक्कानं त्या घरात लेक दिली व्हती.

दुसऱ्या दिवशी गेलो. आक्का ज्वारी निवडत व्हती. मी शेजारी टेकलो. खाली बसायला मला वेळ लागतो, उठायला दोन माणसं लागतेत.

"आक्का, तुमच्या लेकीला बघून आलो."

"माझी लेक हितं कुठली?"

"हाय की. कोपऱ्यावर दिलेली. काळी. चार पायाची."

तिचा हात सुपातच थांबला. मग म्हणली, "पाण्यावरनं वळखलं व्हय? तुमी तर लय येडे दिसता."

"दिसतो नुसता. आता बोला. हरवली म्हणून का सांगितलं?"

"मी हरवली म्हणलं. चोरली असं त्या गड्यानं म्हणलं. माझी पाट, मी दिली. त्येला काय कलम लागतं?"

"कलम न्हाई. पण नंबर दुसरीचा व्हता."

"ह्या पोरीची लेक सातवीत हाय, जमादार. मागच्या साली फडातनं आली तवा वर्गात तिला काहीच येईना, मास्तरनं मागं बसवली. ह्या साली गेली की पुढच्या साली तिचं लगीनच लावतेत. माझ्या लेकीचं तसंच झालं. ऊसतोडीच्या गाड्या निघायला दिवस किती ऱ्हायले?"

"अन् ती नंबरवाली? तिचा इचार केला का?"

आक्का खाली बघून म्हणली, "तिचा इचार करूनच केलं."

मला तवा ते कळलं न्हाई. मी पुढं म्हणलो, "म्हाताऱ्यानंच पाट नेऊन दिली ना? त्येला ठाण्यात बसवलं, तरी त्यानं तोंड उघडलं न्हाई. त्येच्यावर डाग ऱ्हायला, त्येचं काय?"

आक्कानं सूप खाली ठेवलं. "ते मात्र माझ्या ध्यानात न्हवतं आलं," म्हणली.

त्याच सांजेला मंडळाची बैठक झाली. फिर्यादी, त्येची बायको, म्हातारा, कोपऱ्यावरची, समदे. आक्का उभी ऱ्हायली अन् म्हणली, "पाट मी दिली. माझ्या मनानं. कोणाला इचारलं न्हाई. म्हाताऱ्याचा काही दोष न्हाई." फिर्यादी उठून वरडायला लागला. मी काठी आपटली, ती माझ्याच पायावर बसली.

ताईचा चेहरा बघवत न्हवता. म्हणली, "आक्का, नंबर मोडला की मंडळ मोडतंय. आज तुमी मायेनं मोडला, उद्या दुसरा लोभानं मोडंल. मी काय सांगू लोकांना?" शेवटी ठरलं, की दिलेली पाट परत आणायची न्हाई, दिलेली लेक कोणी मागत न्हाई. पुढच्या वेताची पाट नंबरवाल्या घराला. अन् आक्काचं नाव मंडळातून सालभर कमी. आक्कानं मान हालवली. आक्कानंच सुरू केलेलं व्हतं ते मंडळ, ताईच्या बरोबरीनं.

फिर्यादी म्हणला, "पुढच्या वेतापर्यंत कोण थांबतंय?" अन् निघून गेला. त्येची बायको मात्र सगळ्या बैठकीत एक शब्द बोलली न्हाई. मी अर्ज निकाली काढला, शेरा लिहिला: गैरसमजुतीतून तक्रार. साहेबांनी माझ्या लिखाणातल्या चुका लाल पेनानं सुधारल्या अन् सही केली.

म्हाताऱ्याच्या शेळ्या परत सुरू झाल्या, पण समद्या न्हाई. एकदा ठाण्याची पायरी चढलेला माणूस लोकांच्या नजरेत ती पायरी कवाच पुरती उतरत न्हाई. हे मी कैक वेळा बघितलंय, अन् दर वेळी चढवणारा मीच असायचो.

दिवाळीनंतर गाड्या निघाल्या. फाट्यावर गर्दी व्हती म्हणून मला बंदोबस्ताला लावलं. ट्रकवर भांडीकुंडी, गोधड्या, कोंबड्या, अन् त्येच्यावर माणसं. मी बघत व्हतो, कोपऱ्यावरची बाई दिसती का. ती न्हवती. मन जरा हलकं झालं. तेवढ्यात त्याच गल्लीच्या ट्रकमधनं कोणी हाक मारली, "जमादार!"

नंबरवाली व्हती. फिर्यादीची बायको. मांडीवर एक लेकरू, शेजारी दोन.

मी जवळ गेलो. "वहिनी, तुमी?"

तिनं पुढं केबिनकडं बघितलं, नवरा ड्रायव्हरशी बोलत व्हता. मग हळू म्हणली, "आक्काचं नाव परत लावायला ताईला सांगा. आक्काला म्याच सांगितलं व्हतं."

"काय सांगितलं व्हतं?"

"पाट माझ्या दारात बांधू नका म्हणून. आमच्या दारात आलेलं कायबी दिवाळीच्या आत बाजार बघतं. मी तर गाडीत बसलेच असते. म्हणलं, दुसऱ्या घरातली एक बाई तर मागं ऱ्हाईल."

"बैठकीत का बोलली न्हाईस, बाई?"

ती माझ्याकडं अशी बघाय लागली, जसं लहान लेकराकडं बघावं. "बैठकीनंतर घरी मलाच जायचं व्हतं ना," म्हणली.

ताईला मी सांगितलं. पण नवऱ्याच्या कानावर जाईल म्हणून ताईला बी ते कोणाम्होरं बोलता आलं न्हाई. आक्काचं नाव सालभर कमीच ऱ्हायलं.

लोक इचारतेत, नोकरीनं काय शिकवलं. मला शिकवलं व्हतं की तक्रार आली म्हणजे कोणाचं काय गेलं ते लिहून घ्यायचं. ह्या केसमध्ये ज्या बाईचं गेलं, तिनं ते सोता सोडलं व्हतं, अन् तिचा जबाब घ्यायचं माझ्या मनात बी आलं न्हाई. नवऱ्याचा घेतला, शेळीचे कान बघितले. तिला एकदा बाजूला बसवून इचारलं असतं, तर निदान कोणीतरी ऐकलं तरी असतं.

त्या दिवशी फाट्यावर मागून हॉर्न वाजाय लागले. रस्ता जाम झालेला. मी शिट्टी फुकली, आडवी लागलेली उसाची बैलगाडी बाजूला घेतली, अन् त्या ट्रकला वाट करून दिली. ड्युटी तीच व्हती.