मद्रासच्या बाई मला बघायला आल्या तेव्हा

हसणार नाही असं वचन देऊ नका, तुम्हाला ते पाळता येणार नाही. फक्त चहा आधी संपवा. ही गोष्ट ऐकताना माझ्या एका मैत्रिणीच्या नाकातून चहा आला होता, म्हणून सांगते. बी.ए.ची पदवी गाठीशी असताना, शुद्धीत असताना, भर दुपारी मी जो गाढवपणा केला त्याला तोड नाही!

बहात्तरच्या दुष्काळाच्या आदल्या वर्षीची गोष्ट. नगरच्या कॉलेजातून इंग्रजी घेऊन बी.ए. झाले आणि राहात्याला घरी येऊन बसले. शाळांना अर्ज करायचे, उत्तराची वाट बघायची आणि तोवर घरातल्या मोठ्या माणसांवर चिडायचं, एवढाच उद्योग. मोठी माणसं म्हणजे आई आणि अप्पा. अप्पा सातवी शिकलेले, पेरूची बाग आणि थोडा ऊस सांभाळणारे. आलेली स्थळं मी एकेक करून पळवून लावली होती. मला नोकरी करायची होती. लग्न नंतर, किंवा नाहीच. आणि नोकरीसुद्धा कुणाच्या वशिल्याने घेणार नाही! हे सगळं मी घरात रोज एकदा ओरडून सांगत असे. कुणी विसरायला नको.

अशात अप्पा संध्याकाळचे गायब होऊ लागले.

"कुठे निघालात?"

"जरा शांतवन मास्तरांकडं."

शांतवन मास्तर म्हणजे नगरच्या मिशन शाळेत आयुष्य घालवून आमच्या गल्लीत येऊन राहिलेले इंग्रजीचे मास्तर. ते आणि अप्पा आजवर काय बोलत? खत, पाऊस आणि गुडघे. आता त्यासाठी रोज जायचं? आणि तेही धुतलेली टोपी घालून? गुडघेदुखीला धुतलेली टोपी कशाला लागते, तुम्हीच सांगा!

मी लिंबं द्यायच्या निमित्ताने मास्तरांच्या परसात शिरले आणि खिडकीखाली उभी राहिले. आतून अप्पांचा आवाज आला. इंग्रजीत! एकेक शब्द खोल विहिरीतून ओढून काढल्यासारखा.

"माय… डॉटर… कॅन… कुक."

"शाब्बास! पुढे?" मास्तर म्हणाले.

"शी कॅन… लिव्ह… विथ यू. यू मे… टेक हर. आय विल नॉट… कॉल हर बॅक."

माझ्या ओच्यातली लिंबं घरंगळत थेट गटारापर्यंत गेली.

माय डॉटर! तो 'माय' माझ्या डोक्यातच गेला. माय बैल, माय विहीर, माय डॉटर! सातबाऱ्यावर चढवलेलं नाव जणू. त्यापुढे 'कॅन', म्हणजे मालाची तारीफ. मग 'मे', म्हणजे परवानगी. देणारे हे, घेणारे ते, मला विचारलंय कुणी? आणि शेवटी ते 'विल नॉट'! विकलेला माल परत घेतला जाणार नाही, अशी दुकानात पाटी असते ना, तसं!

आता मला सांगा, मुलगी द्यायला बापाला इंग्रजी कधी लागतं? सासरच्यांना मराठी येत नसेल तेव्हाच. मराठी कुणाला येत नाही? जे वर्षानुवर्षं परदेशात आहेत त्यांना. म्हणजे मुलगा अमेरिकेत. लिंबं गोळा करून होईपर्यंत मी त्याला टक्कलसुद्धा पाडून ठेवलं होतं.

पण लगेच भांडायचं नाही. पुरावा हवा. रात्री जेवताना मी सहज विचारलं, "अप्पा, अमेरिकेत पेरू पिकतात का हो?"

अप्पांना जोरात ठसका लागला.

"मिरची जास्त पडली वाटतं," आई म्हणाली आणि पाण्याचा तांब्या पुढे केला.

मिरची! मी काय कालची आहे?

आठवडाभरात माळ्यावरच्या कपबशा खाली आल्या. दाराला नवा पडदा लागला. शनिवारी आई म्हणाली, "शाले, उद्या जरा बरी साडी नेस. नगरहून एक बाई यायच्यात."

"कोण बाई?"

"आल्यावर कळंल."

"मला बघायला येणार आहेत?"

आई गडबडली. "व्हय… म्हंजे, आल्यावर बघतीलच की!"

झालं! आणखी काय पुरावा पाहिजे?

रविवारी दुपारी शांतवन मास्तर एस.टी. स्टँडवरून बाईंना घेऊन आले. पांढरे केस, सोनेरी काड्यांचा चष्मा, इस्त्रीची सुती साडी आणि पाठ अशी ताठ की भिंतीनेही सरळ उभं राहावं. आई माझ्या कानाशी लागली, "मद्रासकडच्या हायेत. मराठी येत न्हाई त्यान्ला."

मद्रासी सासू? आमच्या पंगतीत पोटजातीवरून पाटावरचा माणूस उठवतात, तिथे मद्रासी कशी चालली? क्षणभर मी चाचपडले. पण संशयी माणसाला वाट सापडतेच. तंजावरकडे गेलेली मराठी माणसं नाहीत का? पिढ्यान् पिढ्या तिकडेच. मुलगा अमेरिकेत, आई मद्रासेत. बसलं की नाही बरोबर?

मुलगी बघायला आलेले काय करतात, हे मला पाठ होतं. चालवून बघतात, वाचून घेतात, नाव लिहायला लावतात. तिन्हींत नापास व्हायचं मी ठरवलं.

पोह्यांचा ट्रे घेऊन मी डावा पाय ओढत बाहेर आले. ट्रे ठेवून वळले आणि उजवा पाय ओढत कोपऱ्यात जाऊन बसले. बाईंनी चष्मा पुसला.

"शाले, पायाला काय झालं गं?" अप्पा घाबरून म्हणाले.

"जल्मापासून असाच हाय की! इसरला व्हय तुमी?"

बाईंनी पिशवीतून एक पुस्तक काढून प्रेमाने माझ्यापुढे धरलं. "कॅन यू रीड धिस, माय डिअर?"

मी ते उलटं धरलं, दोन पानं चाळली आणि आईला विचारलं, "यात चित्रं न्हाईत का गं?"

मास्तर खुर्चीतून अर्धे उठले. आईने पदर तोंडाला लावला. बाईंनी आणखी हळू आवाजात विचारलं, "कॅन यू राइट युवर नेम?"

मी अंगठा वर केला. "शाई आना."

अप्पा उभे राहिले. धुतलेली टोपी घामाने भिजली होती. "मॅडम, माय डॉटर इज बी.ए. शी कॅन रीड. शी कॅन राइट. शी कॅन…" मग त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी तोंड उघडं टाकून छताकडे बघत होते. अंगठा अजून वरच होता. अप्पांचा धीर सुटला. हात जोडून ते म्हणाले,

"मॅडम… यस्टर्डे शी कुड."

खोटं नाही सांगत, त्या क्षणीही माझ्यातली बी.ए. दचकून जागी झाली. वाक्य बिनचूक होतं!

बाईंचे डोळे भरून आले. त्यांनी माझा तो अंगठा दोन्ही हातांत घेतला आणि सावकाश इंग्रजीत अप्पांना सांगितलं, तुम्ही काळजी करू नका. शिक्षिकेची जागा मी हिला देऊ शकत नाही. पण माझ्या शाळेत ही येऊ शकते. माझ्या पहिलीच्या मुलींबरोबर बसेल. आम्ही शिकवू हिला.

शिक्षिकेची जागा?

मी तोंड मिटलं.

"अगं ए पोरी," शांतवन मास्तर कपाळ बडवत म्हणाले, "नगरच्या मुलींच्या शाळेच्या मुख्याध्यापिका आहेत या! शाळेच्या आवारातच राहायची नोकरी. मागच्या दोन शिक्षिकांना त्यांच्या बापांनी वर्षाच्या मध्येच लग्नाला उचलून नेलं. तेव्हापासून या स्वतः घरी जातात, बापाच्या तोंडून शब्द घेतात, की मी मुलीला मध्येच परत बोलावणार नाही. मी म्हणालो, अप्पा, मी सांगतो इंग्रजीत. तर म्हणतात, न्हाई, माझ्या पोरीचं मीच सांगनार. महिनाभर घासतोय आम्ही चार वाक्यं!"

"मग मला का नाही सांगितलं?"

"तू वशिला वशिला करून घर डोक्यावर घेतलं असतंस म्हनून!" आई आतल्या दारातून म्हणाली.

माझी नोकरी त्या चटईवर माझ्यासमोर बसली होती आणि पिशवी उचलून निघायच्या बेतात होती. मी ताडकन उठले. दोन्ही पायांवर! "मॅडम, आय कॅन एक्सप्लेन!" म्हणाले आणि सुटले. खिडकी, लिंबं, अमेरिका, टक्कल, तंजावर, सगळं एका दमात, फाड फाड इंग्रजीत. अप्पा तोंडाचा आ करून ऐकत राहिले. मास्तर मान खाली घालून बसले होते, पण त्यांचे खांदे हलत होते.

बाई हसल्या नाहीत. त्यांनी पिशवी परत खाली ठेवली.

"तर तुला चालताही येतं," त्या इंग्रजीत म्हणाल्या. "मग मला एक कळत नाही. घरात इंग्रजीची बी.ए. असताना तुझे वडील गल्लीत जाऊन इंग्रजी का शिकले?"

अप्पांनी उत्तर द्यायचा प्रयत्न केला. "बिकॉज… माय डॉटर…" पण शिकलेली वाक्यं संपली होती. ते मराठीत सुरू झाले, तसे मास्तर भाषांतराला सरसावले. बाईंनी हातानेच त्यांना थांबवलं आणि बोट माझ्याकडे केलं. "तू कर. सगळं. काही गाळायचं नाही."

हीच माझी मुलाखत होती, बरं का!

"सांग त्यान्ला," अप्पा म्हणाले, "की ही लई वरडती."

"ही सेज…" मी अप्पांकडे बघितलं. "ही सेज हिज डॉटर शाऊट्स."

"एक शबुद चुकला की म्हनती, अप्पा, तुमच्याच्यानं काय व्हायचं न्हाई."

मी सांगितलं. पूर्णविरामासकट सांगितलं.

"हिला दुसऱ्यांदा काय इचारायचं म्हनलं की म्हाताऱ्या मानसाला भ्या वाटतं."

तेही सांगितलं. एवढ्यात आईलाही कंठ फुटला. "आन् हे पन सांग त्यान्ला, माझ्या भाकरीला ही नकाशा म्हनती!"

भाकरीला नकाशा म्हणते, हेसुद्धा मी नीट इंग्रजीत सांगितलं. मान खाली घालून, घाम पुसत, काही न गाळता. आई आणि अप्पा आळीपाळीने बोलत होते, मी आळीपाळीने भाषांतर करत होते. इतकी वर्षं साठलेलं होतं बिचाऱ्यांचं! पोहे गार झाले तरी यादी संपेना.

अखेर बाईंनी हात वर केला. चष्मा काढून मिटला आणि पहिल्यांदाच हसल्या.

"सोमवारपासून ये," त्या म्हणाल्या. "तुझं इंग्रजी उत्तम आहे. आणि स्वतःच्या चुका हा विषय तर असा पक्का आहे की इतका पक्का विषय असलेली शिक्षिका मी अजून पाहिलेली नाही!"