वहिनीनं लावलेलं गाणं

काल लेकीनं विचारलं, "बाबा, त्या म्हाताऱ्या रॉक गायकानं बँड सोडल्यावर गायलेली गाणी ऐकायचीत. आधी कोणतं ऐकू?" मी एक संथ गाणं लावून दिलं, आणि पहिल्या सुराबरोबर मला मोताळ्याच्या आमच्या घरातल्या नव्या कापसाचा उबदार वास आला.

मी तेव्हा शाळेत होतो. वहिनी त्याच वर्षी लग्न होऊन पुण्याहून आली होती. घरात ती फारशी बोलत नसे. एका दुपारी मी हट्ट धरला म्हणून तिनं टेपवर हे गाणं लावलं. "सुरुवात याच्यापासून कर," ती म्हणाली. "आधीचा सगळा दणदणाट बँडचा. हे त्याचं एकट्याचं." खोलीभर कापूस पसरला होता. खिडकीतल्या उन्हात त्याचे तंतू तरंगत होते, आणि तो खरखरीत आवाज त्यांच्यातून हळूहळू फिरत होता.

माय दारात येऊन थबकली. "हा असा रडल्यावानी काऊन गाऊन राह्यला वं?"

"सोबतचे सगळे सुटले ना त्याचे, आई," वहिनी म्हणाली.

माय कापसातच तिच्याजवळ बसली. गाणं संपेपर्यंत ती कापसातला काडीकचरा वेचत राहिली. मग तिनं हळूच विचारलं, "तुले बी घरची लय याद येते का वं?"

वहिनी मायच्या मांडीत डोकं घालून खूप रडली. तेव्हा मला वाटलं, गाण्यानंच तिला रडवलं. आता वाटतं, कुणीतरी एवढं विचारावं म्हणून ती इतके महिने वाट बघत होती.