गाडीला होडीचा रंग

मुलगी इंग्लंडहून कायमची राहायला म्हणून परत आली, तेव्हा तिची गाडीही मागून जहाजाने आली. लहानपणी पोलिओत तिचे पाय गेले. ही गाडी सगळी हाताने चालते, ब्रेकसुद्धा. मी तिला पाठुंगळी घेऊन शाळेत नेलं आहे. त्या गाडीचं मोल मला कुणी समजवायला नको.

आल्याच दिवशी तिने सांगितलं, "मम्मी, नोकरी ठरली आहे, पण गाडीला इथला नंबर मिळाला तरच राहीन. नाही तर परत जाईन. कुणी उचलून न्यायचं, असं मला आता जगायचं नाही."

कस्टममधून सुटून गाडी गोराईला आमच्या अंगणात आली. आरटीओचा साहेब तपासणार, मगच नंबर. तेवढ्यात माझ्या नवऱ्याने अक्कल चालवली. त्याचा जन्म मासेमारीत गेला. खारा वारा लोखंड खातो, हे त्याच्या डोक्यात पक्कं. मुलगी घरात नाही बघून त्याने बॉनेट उघडलं आणि आतल्या पत्र्याला होडीचा काळा रंग फासला.

आम्ही गाडी टोईंगवर आरटीओत नेली. बॉनेटखाली पत्र्यावर कोरलेला चेसिसचा नंबर कागदांशी जुळवायचा, वर कागद ठेवून पेन्सिलने त्याचा ठसा घ्यायचा, अशी तिथली रीत. साहेबाने बॉनेट उघडलं. नंबर रंगाखाली गेलेला.

"हे कुणी केलं?"

"मी. गंजू नये म्हणून," नवरा म्हणाला.

"काका, चोरीच्या गाडीला असं करतात."

मी म्हटलं, "साहेब, याला चोरी जमली असती तर आम्ही बंगल्यात राहिलो असतो."

साहेब हसला नाही. पण गाडी नापासही केली नाही. "रंग काढून परत आणा. खरवडू नका. आकडे झिजले तर माझ्या हातात काही नाही."

घरी म्हातारा चिंधी आणि टर्पेन्टाइन घेऊन बसला. मुलगी चाकांच्या खुर्चीत शेजारी. मला वाटलं, आता ओरडेल. ती म्हणाली, "पप्पा, हळू घास. माझी नोकरी आहे त्याच्याखाली."

"घासतो गं बाय."

एकेक आकडा वर आला. सगळे शाबूत.

दुसऱ्या खेपेला साहेबाने ठसा घेतला, सही केली, एक शब्द जास्तीचा बोलला नाही. नंबर आला. मुलगी आता अंधेरीला कामाला जाते. एकटी.

मी देवळात फादरना म्हटलं, त्या साहेबाच्या नावाने मिस्साची प्रार्थना घाला.

"नाव काय त्यांचं?"

"ठाऊक नाही. आरटीओतला साहेब, असं लिहा."

"कधी वारले?"

"वारले कशाला? नोकरीवर आहेत."

रविवारी मिस्सात फादरनी सगळ्यांपुढे तसंच वाचलं. पुढच्या बाकावरच्या बाया हसल्या. हसू देत.